साळोखे आणि त्यांचे अकरा

माझी नात इरा मला तिच्या फुटबॉलच्या मॅचला येऊ देते, पण अटीवर. मैदानापासून दहा पावलं लांब बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. "आजी, यू आर नॉट द कोच," असं ती मला गाडीत बसतानाच बजावते. तिचं बरोबरच आहे. मागच्या खेपेला तिच्या टीमची गोलकीपर पुढे पुढे येत होती, तेव्हा मी उठून ओरडले, "अगं दारात उभी राहा, अंगणात काय करतेस!" तिच्या खऱ्या कोचनं, कानात वायर घातलेल्या त्या तरुणानं, माझ्याकडे असं वळून पाहिलं की मी घाईघाईनं पर्समध्ये चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

आता त्या पोराला काय सांगू, की ती भाषा माझी नाही. ती साळोख्यांची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शारजातल्या एका लहानशा कॉलेजच्या ऑफिसात मी नोकरीला होते. कॉलेज म्हणजे शेजारी शेजारी दोन व्हिला आणि मधली पाडलेली भिंत. हॉलमध्ये लायब्ररी, किचनमध्ये केमिस्ट्री, वरच्या बेडरूममध्ये फिजिक्स. त्या बेडरूमचे, म्हणजे लॅबचे, साहाय्यक दत्तोबा साळोखे. मूळ कोल्हापूरचे. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात कायम पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि पायात असे कॅनव्हासचे बूट की मूळ रंग कोणता यावर पोरं पैज लावत. बिनदुधाचा सुलेमानी चहा ते उभ्यानंच प्यायचे. मी त्यांना बसलेलं फार तर दोनदा पाहिलं असेल.

मी अडतीस वर्षांची होते आणि हे कॉलेज माझ्यामुळे चालतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती. प्रिन्सिपल आपले सह्या करतात, बाकी सगळं मी. हजेरीची रजिस्टरं माझ्या कपाटात असत. "पंच्याहत्तर टक्के" हे दोन शब्द मी अशा काही आवाजात उच्चारायची की दारातली मुलं दोन पावलं मागे सरकायची. मला वाटायचं, हा आदर. पुष्कळ वर्षांनी कळलं की ती पोरं जिन्यात माझी नक्कल करायची आणि खूप चांगली करायची.

तर एके दिवशी साळोखे ऑफिसात आले आणि म्हणाले, "वैनी, एक नोटीस मारायची हाय. फुटबॉलची."

प्रत्येक लग्न झालेल्या मराठी बाईला ते वैनीच म्हणत. मी "मॅडम" म्हणायला सुचवून पाहिलं होतं. ते "बरं" म्हणाले आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा वैनी.

मी नोटीस टाइप केली. इच्छुकांनी पालकांचं पत्र, डॉक्टरचं सर्टिफिकेट, दोन फोटो आणि हजेरीचा दाखला यांसह ऑफिसात अर्ज करावा, शेवटची तारीख अमुक. खाली सहीला जागा. मला ती नोटीस फार आवडली. आठ दिवसांत एकही अर्ज आला नाही. नवव्या दिवशी फळ्यावर तिच्या जागी वहीचा कागद. त्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत इंग्रजीत चार ओळी: फुटबॉल. चार वाजता. कॉलेजच्या मागे. येताना पाय आणा.

त्या संध्याकाळी तेवीस मुलं आली.

कॉलेजच्या मागे मोकळा प्लॉट होता, पण तिथं नुसती मऊ वाळू. बॉल टाकला की रुतायचा आणि पळणाऱ्याचे घोटे आत जायचे. साळोख्यांनी दोन दिवस ती वाळू पायानं उकरून पाहिली. तिसऱ्या दिवशी दोन्ही व्हिलांच्या सगळ्या खिडक्यांखाली बादल्या दिसल्या. खिडकीतले एसी दिवसभर थेंब थेंब गळत, ते पाणी आजवर भिंतीला शेवाळ आणण्यापलीकडे काही करत नव्हतं. चार वाजेपर्यंत सोळा-सतरा बादल्या भरत. ज्याला यायला उशीर होईल त्यानं त्या वाहून नेऊन मैदानावर शिंपायच्या. पोरांनी आधी नाकं मुरडली. महिनाभरात ती वाळू अशी बसली की बॉल टप्पा घेऊ लागला. माझ्या खिडकीखालची बादली सगळ्यात आधी भरायची, कारण मी एसी फुल्लवर ठेवून शाल पांघरून बसायची. टीमला माझी पहिली मदत झाली ती ही, आणि तीसुद्धा नकळत.

त्यांच्या टीममध्ये केरळची मुलं होती, रत्नागिरीकडची होती, एक सुदानी, दोन पेशावरकडचे. साळोख्यांचं इंग्रजी नोटिशीपुरतं, आणि हिंदी अशी की ऐकणाऱ्याला कोल्हापूरची हवा लागावी. मग त्यांनी मैदानाचीच भाषा केली. गोल म्हणजे दार. त्याच्या पुढचा चौकोन म्हणजे अंगण. मधलं मैदान म्हणजे पेठ. आणि समोरच्यांची बाजू म्हणजे सासुरवाडी. "सासुरवाडी में जाने का, काम करने का, और जल्दी वापस आने का. उदर जेवायला बैठने का नहीं!" आठवड्याभरात तो सुदानी मुलगा पेठेतून "अंगन! अंगन!" असं बोंबलत मागे पळताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

कौतुक त्यांना करता येत नसे. कोणी काही अफलातून केलं तर "चालतंय" म्हणत. त्यापुढचा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

आमचे प्रिन्सिपल सौम्य केरळी गृहस्थ होते, पण एका बाबतीत पोळलेले. दोन वर्षांपूर्वी कॉलेजची क्रिकेट टीम निघाली होती आणि तिनं एका सीझनमध्ये तीनदा वॉकओव्हर दिला, म्हणजे ठरल्या वेळी पुरेशी मुलं मैदानावर पोचलीच नाहीत. दुसऱ्या कॉलेजांत हसं झालं. त्यामुळे सहा कॉलेजांच्या स्पर्धेत नाव घालायला त्यांनी होकार दिला तो बोट वर करून. "पाच मॅचेस. वन वॉकओव्हर, साळोखे, अँड टीम खलास. फॉर एव्हर."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "फारच कडक अट घातली."

"न्हाई ओ," साळोखे म्हणाले. "जिंका असं कुठं म्हनालं साहेब? निस्तं या म्हनालं." मग म्हणाले, "आमच्या गल्लीची टीम हुती, वैनी. मी उजवीकडं मागं खेळायचो. एका वर्साला शर्टाच्या रंगावरनं भांडनं झाली आन टीम मैदानात उतरलीच न्हाई. पुढल्या वर्साला उतरू म्हनालं. ती पुना कवाच उतरली न्हाई. टीम हरून मरत नसती. न येऊन मरती."

स्पर्धेच्या नियमांप्रमाणे प्रत्येक टीमला इंग्रजीत पत्रव्यवहार करणारा एक मॅनेजर लागत असे. तो मान माझ्याकडे आला. मी त्याच गुरुवारी रोल्लाच्या बाजारातून काळा गॉगल घेऊन आले. मिस्टरांनी विचारलं, "डोळे आलेत का?" मी म्हटलं, "मी टीम मॅनेजर आहे."

पहिल्या मॅचला मी छत्री, गॉगल आणि घडीची खुर्ची घेऊन गेले आणि पहिल्या गोलला उभी राहून टाळ्या वाजवल्या. गोल समोरच्यांचा होता. पुढचे आठही त्यांचेच. सहा झाल्यावर आमचा कॅप्टन इम्रान मुकादम रडकुंडीला येऊन कडेला आला, "सर, बस झालं. जाऊ या ना." इम्रान मूळचा खेडचा, त्यामुळे तो साळोख्यांशी मराठीत बोलायचा.

साळोखे म्हणाले, "भावा, घड्याळात अजून वीस मिंटं हायती. ती काय माझ्या घरी घिऊन जाऊ?"

पोरं परत आत गेली. नऊ-शून्य.

येताना कॉलेजच्या मिनीबसमध्ये पोरं माना खाली घालून बसली. साळोखे पुढे उभे राहिले, दांडीला धरून, आणि त्यांनी तोंडी परीक्षा घेतली. "त्येंचा नऊ नंबरवाला कुठल्या पायानं मारत हुता?" कोणालाच माहीत नव्हतं. "त्येंचा गोली उंच बॉलला पुढं येतो का मागं जातो?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "आरं, मग नऊ गोल बघितलासा काय? सिनेमा?" पुढच्या मॅचनंतर निम्मी उत्तरं आली आणि पाच गोल झाले. मग चार, मग दोन. आमच्या नावावर गोल एकही नाही, पण ते गोल मोजतच नसत. बसमध्ये चढण्याआधी फक्त पोरांची डोकी मोजत.

आणि आता माझा पराक्रम.

पाचवी, शेवटची मॅच एका गुरुवारी होती. पत्र आलं त्या संध्याकाळी मी सवयीनं घरच्या किचनमधल्या मराठी कॅलेंडरकडे पाहिलं. गुरुवारी अमावस्या! आधीच चार मॅचची हार, आणि शेवटची अमावस्येला? मी कोणालाही न विचारता समोरच्या कॉलेजला फोन केला की आम्हाला गुरुवार सोयीचा नाही, शनिवारी ठेवू या. तिकडचा माणूस जरा घुटमळला. "सॅटरडे? आर यू शुअर, मॅडम?" मी म्हटलं, "हंड्रेड पर्सेंट." मग मी आयोजकांना पत्र पाठवलं, त्यांची मंजुरी आणली, फाइलला लावली आणि एक प्रत फळ्यावर. केवढी मी हुशार.

दोन दिवसांनी इम्राननं ते पत्र फळ्यावर वाचलं आणि तो ऑफिसात आला. "मॅम, शनिवारी पहिला रोजा असेल. शुक्रवारी चांद दिसला तर."

"चांद कसा दिसेल?" मी त्याला समजावत म्हटलं. "आदल्या दिवशी तर अमावस्या..."

आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, अमावस्या झाली की दुसऱ्या दिवशीच तर चांद दिसतो. बारा वर्षं या देशात राहून, दर वर्षी शेजारणीला रमझान मुबारक म्हणून, माझ्या डोक्यात अमावस्या एका कप्प्यात होती आणि रमझानचा चांद दुसऱ्या. दोन्हींना आकाश एकच असतं हे मला अडतिसाव्या वर्षी, एका एकोणीस वर्षांच्या मुलाकडून कळलं.

मी आयोजकांना फोन केला. गुरुवार-शुक्रवार आता दुसऱ्या मॅचना दिलेले, आणि रविवारपासून मैदानच दुसऱ्यांचं. शनिवारी चार वाजता, नाहीतर वॉकओव्हर. "मॅडम, आपने ही तो मांगा था," तो गृहस्थ फार नम्रपणे म्हणाला.

हिशेब सरळ होता. तोवर टीममध्ये चौदा पोरं उरली होती. त्यांतली आठ रोजा धरणारी. राहिली सहा, आणि सातांच्या खाली मॅच धरत नाहीत.

मी लॅबमध्ये जाऊन साळोख्यांना सांगितलं. रडलेसुद्धा थोडी. ते पट्टीला लोलक बांधत होते. ऐकून त्यांनी गाठ पुरी केली, लोलक सोडून बघितला आणि म्हणाले, "वैनी, तुमचं काय चुकलं? अवस म्हनल्यावर मीबी पुढंच ढकलली असती." मग म्हणाले, "चला. मुकादमाकडं जाऊन येऊ. तो आला की बाकीची सात येत्यात."

इम्रानच्या वडलांचं, थोरल्या मुकादमांचं, रोल्लात क्रोकरीचं दुकान होतं, घर दुकानाच्या वर. गृहस्थ अदबीचे, पण ठाम. "साळोखे, तुम्हाला नाही म्हणायला मला बरं वाटत नाही. पण आमच्यात पहिला रोजा सगळ्यांनी एका दस्तरख्वानावर, एकाच अंथरलेल्या चादरीभोवती बसून सोडायचा. माझा थोरला भाऊ अबू धाबीहून येतो त्यासाठी. त्या दिवशी पोरगा मैदानात, तोंडाला कोरड पडलेली, आणि आम्ही इथे खजूर घेऊन बसायचं?"

मी प्रतिष्ठा, नियम, कॉलेजचं नाव असं काहीबाही बोलायला तोंड उघडलं. साळोख्यांनी हात आडवा केला.

"बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "पोरगं घरच्यांतच पायजे." आणि उभ्यानं चहा पीत राहिले. जायला उठेनात, कारण बसलेच नव्हते. असं पाच-सात मिनिटं. मुकादम अवघडले. इम्रान भिंतीला टेकून जमिनीकडे पाहत होता.

शेवटी आतून, पडद्यामागून, इम्रानच्या आईचा आवाज आला. "अहो, ऐकता का? दस्तरख्वान काय फरशीला चिकटवलाय? उचलून मैदानावर नेऊ. भाऊजींना सांगा तिकडेच या म्हणून."

"अगं, एवढ्या लोकांचं..."

"आता घरात काय दोघांचं शिजवते मी?"

मुकादम साळोख्यांकडे वळले. "आणि दिवसभर पाण्याशिवाय पोरगा पळणार कसा?"

"पळनार न्हाई," साळोखे म्हणाले. "बॉलला पळवू. बॉलला तहान लागत नसती."

शनिवारी साडेतीनला मी मैदानावर पोचले, गॉगल न लावता. सकाळी मी ऑफिसच्या स्टोअररूममध्ये कागदांच्या गठ्ठ्यांमागे बसून चोरून उपमा खाल्ला होता. साळोखे कडेला उभे, कपाळावर आठ्या, सगळ्यांवर खेकसत होते. मी विचारलं, "बरं नाही का?"

"पान्याचं काय न्हाई, वैनी. पर सकाळधरनं चहा न्हाई. डोसकं फुटाय लागलंय."

तेव्हा मला कळलं, त्यांनीही रोजा धरला होता. त्यांनी पोरांना काही सांगितलं नव्हतं. रोजा न धरणाऱ्या सहा पोरांनीही त्या दिवशी कडेला पाण्याची बाटली आणली नाही. ते त्यांचं त्यांनीच ठरवलेलं.

पोरं एक एक करत येत होती. साळोखे गेटकडे बघत बोटं दुमडत होते. सात झाली तेव्हा त्यांनी श्वास सोडला. अकरा झाली तेव्हा पाठ फिरवून उगाच बूट झटकले. चौदाच्या चौदा आली.

त्या मॅचमध्ये आमच्यातलं कोणी पळालं नाही. उभ्या उभ्या, एकाकडून दुसऱ्याकडे, पेठेतल्या पेठेत बॉल फिरत राहिला. समोरच्या टीममध्येही निम्मे रोजावाले, तेही पळून पळून मंदावले. त्यांनी एक गोल केला. मग सूर्य पार खाली आल्यावर सुदानी मुलानं सासुरवाडीत लांबून एक बॉल सोडला, तो दाराच्या खांबाला लागून आत गेला. या वेळी टाळ्या वाजवण्याआधी मी साळोख्यांच्या तोंडाकडे बघितलं, गोल नक्की कोणाचा म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त ओठ हलले. "चालतंय."

एक-एक. शिट्टी वाजली तेव्हा इम्रानची आई आणि आणखी तीन-चार घरच्या बाया मैदानाच्या कडेला चादरी अंथरत होत्या. इम्रानचे काका अबू धाबीहून सरळ तिकडेच आले होते, हातात खजुरांचा खोका. अजान झाली आणि दोन्ही टीम त्या चादरींवर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. प्रिन्सिपल मॅचला उशिरा आले होते, पण जेवणाला वेळेवर. साळोख्यांच्या हातात कोणीतरी चहा दिला. त्यांनी तो बसून प्यायला. म्हटलं ना, दोनदा पाहिलं. त्यातलं एक हे.

सोमवारी प्रिन्सिपलनी मला आत बोलावलं. "पुढच्या वर्षीचा फॉर्म मागवून घ्या," म्हणाले. वॉकओव्हरचं नाव काढलं नाही.

टीम पुढे वाढली. गवताच्या मैदानावर खेळली, कप जिंकली, हरली. मी हळूहळू ऑफसाइड शिकले. साळोख्यांची माझी शेवटची भेट झाली ती चार-पाच वर्षांनी. त्यांची नोकरी संपली होती, आठवड्याभरात कोल्हापूरला निघायचे होते. त्या दुपारी लीगची शेवटची मॅच होती, एका नव्या कॉलेजशी. त्या कॉलेजचा पहिलाच सीझन. गुण असे जमले होते की ही मॅच जिंकलो तर आम्ही पहिले. चार वाजले तरी समोरची पाचच पोरं हजर. बाकीची आणि त्यांचे सर वाटेत बंद पडलेल्या बसमध्ये अडकलेले. रेफ्रीनं घड्याळ पाहिलं. वॉकओव्हर, म्हणजे न खेळताच कप आमचा. आमची पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढायला लागली.

"उतरा खाली," साळोखे म्हणाले.

त्यांनी आमच्या राखीव पोरांकडे बोट केलं. "तू, तू आन तू. शर्ट उलटे घाला आन पलीकडं जावा."

"सर, पण कप...!" आमचा नवा कॅप्टन जवळजवळ किंचाळला.

"कप कुठं पळून चाललाय? खेळून घे की." मग ते रेफ्रीकडे वळले, "साब, आठ हो गये. चालू करो." रेफ्री माझ्याकडे बघायला लागला. मॅनेजर मीच. नियमात हे कुठेच बसत नव्हतं, आणि नियम मला पाठ होते. मी म्हटलं, "आमची हरकत नाही."

साळोखे मैदान ओलांडून पलीकडच्या कडेला गेले, कारण तिकडे उभं राहायला कोणी मोठं माणूस नव्हतं. मी इकडून पाहत होते. समोरच्यांचा गोलकीपर अगदीच पोरसवदा, दोन्ही हातांत जाड ग्लोव्हज, आणि बुटाची नाडी सुटलेली. बांधता येईना म्हणून तो इकडे तिकडे बघत होता. साळोखे एक हात त्याच्या खांद्यावर टेकून हळूच खाली बसले, गुडघा वाळूत रोवून. त्यांनी ती नाडी दोन वेढे देऊन आवळली, दुसऱ्या बुटाचीही सोडून पुन्हा बांधली, पोराच्या नडगीवर थाप मारली आणि बोट दाखवून त्याला त्याच्या दाराकडे पिटाळलं.